आगेऱ्याच्या ट्रॅक्टरची रेस

१७ ऑगस्ट, रविवार

मिस्साहून आल्यावर शेड उघडली आणि ट्रॅक्टर सुरू केला. सुरू झाला हेच नशीब. पण रेस एका जागी राहत नाही. इंजिन उगाच चढतं, मग मरगळतं, पुन्हा चढतं. दमेकरी माणूस जिना चढतो तसं. बॉस्को सीटवर बसून माझ्याकडे असा बघत होता की जणू मीच काहीतरी करून ठेवलंय.

पावसाळाभर उभा ठेवला की दरवर्षी काहीतरी निघतंच. या वर्षी रेस आवरणारा गव्हर्नर दिसतोय. आगेऱ्याला वेळ आहे अजून. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या क्रुसापासून चर्चपर्यंत वाजतगाजत न्यायच्या, फादरने आशीर्वाद द्यायचा. लोंब्या आणि लुगडी नेसलेल्या बायका ज्या ट्रॉलीत बसतात, ती आमच्याच ट्रॅक्टरला लागते. कोलशेतला आता भात पिकत नाही, टॉवर पिकतात. लोंब्या टिटवाळ्याकडून मागून आणतो. ट्रॅक्टर तेवढा आमचा उरलाय.

बापूस गेल्यापासून बॉस्को चालवतो आणि मी दुरुस्त करतो. ही वाटणी कुणी केली नाही, आपोआप झाली. मोठा भाऊ मिरवतो, धाकटा ग्रीस पुसतो. मी शेडमधून आत-बाहेर करण्यापुरताच सीटवर बसतो.

लिहून ठेवतोय, कारण कंपनीत मी जन्मभर इन्स्ट्रुमेंटवर काम केलं आणि तिथे एकच शिकलो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहायचं. नाहीतर माणूस स्वतःलाच फसवतो.

२० ऑगस्ट, बुधवार

डिझेल पंपामागची गव्हर्नरची डबी उघडली. आत चामड्याचा पडदा असतो. इंजिनाने जास्त हवा ओढली की एका बारीक नळीतून तो ओढा पडद्यापर्यंत येतो, पडदा मागे सरकतो, डिझेल कमी होतं. इंजिन थकलं की उलट. एवढाच गव्हर्नर. पडदा पापडासारखा कडक झालाय आणि कडेला चीर गेलीय. सापडला चोर.

व्हिक्टोरियाला आणून दाखवला. ती मासे साफ करत होती, म्हणाली, "वास येतोय त्याला, बाहेर ने." बायकोला कौतुक नाही ते नाहीच.

कल्याणला उत्तमला फोन केला. त्याचं डिझेल पंपांचं दुकान आहे. गोड बोलतो, पण वस्तू मिळते ती त्याच्याकडेच. पडदा मागवून देतो म्हणाला.

२४ ऑगस्ट, रविवार

नवा पडदा तेलात मुरवून बसवला. इंजिन सुरू केलं, रेसची लिव्हर मध्यावर ठेवली आणि स्टूल घेऊन समोर बसलो. एकदम एकसारखं. नुसतं ऐकत बसावंसं वाटलं.

मग बॉस्कोला हाक मारली. तो बसला, क्रुसापर्यंत नेऊन परत आणला. रेस पुन्हा वर-खाली. आधीपेक्षा कमी, पण आहे.

"गव्हर्नर हाय रे अजून," उतरता उतरता म्हणाला.

म्हणजे उभा असताना ठीक, चालताना बिघडतो. हादऱ्याने कुठेतरी नळी हवा खात असणार. मला वाटलं होतं आज संपेल. चिडचिड झाली.

२ सप्टेंबर, मंगळवार

नळीचे सगळे जोड सोडले, नवे वायसर घातले, साबणाचं पाणी लावून बघितलं. कुठेही गळती नाही. इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या पाकळीची दांडी थोडी झिजली होती, तिथे बुश घातला. उभ्याने चाचणी उत्तम.

बॉस्को नव्हता. पुन्हा डोंबिवलीला क्रिस्टलकडे. ही त्याची मुलगी. गेल्या महिन्यापासून सारखी बोलावून घेते. चष्म्याचं काहीतरी आहे म्हणाला. संध्याकाळी आला तेव्हा डोळ्यांवर तोच जुना चष्मा होता. मी विचारलं तर म्हणाला, "डॉक्टर बोलला, हाच चालंल."

मग चहा घेतला आमच्याकडे. व्हिक्टोरिया हल्ली त्याला मोठ्या मगात अर्धाच चहा देते. मला लाज वाटली. सख्ख्या दिराला अर्धा कप! तो गेल्यावर मी बोललो तिला. ती म्हणाली, "तुझं तू बघ, सिरिल."

४ सप्टेंबर, गुरुवार

बॉस्कोने चालवून बघितला. तेच. चढ-उतार. मी मागून चालत होतो, कान लावून. क्रुसाच्या वळणावर रेस एकदम वर गेली, मग बसली.

त्याचंच म्हणणं पडलं की आता पंपच उघडायला हवा. इतका आग्रह त्याने कधी केला नव्हता. एरवी मी काय करतो ते त्याला विचारायचंही नसतं.

८ सप्टेंबर, सोमवार

मरियेचा सण. व्हिक्टोरियाने मटण केलं होतं, फुगे, म्हणजे आमचे मैद्याचे गोल पाव, तळले होते. बॉस्कोने रश्श्याला हात लावला नाही. नुसते फुगे खाल्ले, कोरडेच. व्हिक्टोरियाने न विचारता ताटात चमचा ठेवला, तर तो बाजूला सारून म्हणाला, भूक नाय. एवढी मेहनत करून बाई जेवायला घालते आणि याचे नखरे. वय झालं की माणसं पोरासारखी होतात म्हणतात, पण पोरं निदान जेवतात.

जेवणानंतर मी पंपाचा विषय काढला. तो खिडकीतून बाहेर बघत बसला होता, उजवा हात मांडीखाली दाबून.

१५ सप्टेंबर, सोमवार

पंप काढून कल्याणला नेला. उत्तमने टेस्टच्या मशीनवर चढवला. मी शेजारी उभा राहून एकेक आकडा बघितला. चारही लाइन सारख्या.

"काका, पंप टकाटक आहे. काय प्रॉब्लेमच नाय यात," तो म्हणाला. "तुम्ही उगाच खोलून आणलात."

"मग रेस का पळते?"

"ते मला काय माहीत? गाडी इकडे आणा ना, चालवून बघू."

कोलशेतहून कल्याणला ट्रॅक्टर आणायचा म्हणजे हायवे. म्हटलं, राहू दे. पण त्याच्या मशीनवर माझा विश्वास नाही. गिऱ्हाइकासमोर सगळंच टकाटक असतं. घरी येईपर्यंत मीच माझ्यावर वैतागलो होतो. एवढी वर्षं प्लांटमधले व्हॉल्व्ह सरळ केले आणि घरचा गव्हर्नर ऐकत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

वाईट दिवस.

रिकामी ट्रॉली लावून चाचणी घेतली. करिश्माही आली होती. ती आगेरा कमिटीची सेक्रेटरी, शाळेत शिकवते, पोरगी शिस्तीची आहे. बॉस्को चालवत होता, मी पायी. मोठ्या टॉवरच्या गेटपाशी रेस एकदम चढली, ट्रॅक्टर उसळला आणि ट्रॉलीचा कोपरा वॉचमनच्या खुर्चीला लागला. वॉचमन नुकताच उठला होता. खुर्चीचे तुकडे. लोक जमले, मोबाइल काढले.

करिश्मा पांढरी पडली होती. म्हणाली, "अंकल, यात बायका-पोरं बसणार आहेत. आगेऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत नीट नाही झाला तर बाळकुमहून नवा ट्रॅक्टर सांगते. ड्रायव्हरसकट."

ड्रायव्हरसकट. बॉस्कोने ट्रॅक्टर शेडमध्ये लावला आणि सीटवरच बसून राहिला.

मी बोललो. बोलायला नको होतं कदाचित, पण महिनाभर मान मोडून काम केलंय. म्हटलं, "मी उभ्याने बघतो तेव्हा बरोबर, तू नेलास की बिघडतो. तुलाच नकोय का या वर्षी? तसं असंल तर सरळ सांग, मी उगाच कनाला मरतोय?"

"मना नको?" तो म्हणाला. "मना नको?" दोनदा म्हणाला. मग उतरून घरी गेला. उतरतानाही मडगार्डला धरून, सावकाश, मला दाखवायला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

बॉस्को शेडकडे फिरकला नाही. व्हिक्टोरिया म्हणाली, "जाऊन बोल त्याच्याशी."

"मी काय खोटं बोललो?"

"तो हल्ली बटणांचा शर्ट घालत नाय. बघितलंस?"

माझा प्रश्न गव्हर्नरचा, हिचं उत्तर बटणांचं. मी शेडमध्ये गेलो आणि आतला पडदा पुन्हा उघडून बघितला. नवाच आहे. मऊ आहे. काही नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

काही सुचत नाही. जे जे बदलण्यासारखं होतं ते बदललं. असं कधी झालं नव्हतं. रात्री झोप नाही. हा ट्रॅक्टर नाही निघाला तर लोक दोन दिवस हळहळतील आणि विसरतील. पुढच्या वर्षी नवाच सांगतील. मग बॉस्कोला कोण कशाला हाक मारेल? सगळं गाव त्याला आगेऱ्यालाच ओळखतं. बाकी वर्षभर तो एक म्हातारा.

२ ऑक्टोबर, गुरुवार

लिहायला हात होत नाही. पण लिहायचं ठरवलंय.

सकाळी मीच बॉस्कोकडे गेलो. म्हटलं, झालं गेलं सोड, तू चालव, मी या वेळी मडगार्डवर बसतो आणि चालत्या गाडीत बघतो. त्याने आधी नको नको केलं. मग आला.

खाडीकडच्या रस्त्याला रहदारी कमी असते, तिकडे गेलो. मी वाकून पंपाकडे बघत होतो. रेस चढायला लागली. पडद्याची डबी गप्प. नळी गप्प. हवेची पाकळी मात्र हलत होती. आता पाकळी आपणहून हलत नाही, तिला दांडा हलवतो. मी दांड्याकडे बघितलं. दांडा थरथरत पुढे-मागे होत होता. कंपनीत आम्ही असंच करायचो, चुकीचा सिग्नल जिथे दिसतो तिथून मागे मागे जायचं, जिथून निघतो तिथपर्यंत. दांड्यावरून वर गेलो. स्टिअरिंगखाली रेसची लिव्हर. लिव्हरवर बॉस्कोचा हात.

आमच्या बापसाने शिकवलेलं, मागे माणसं असली की हात लिव्हरवरून काढायचा नाही. बॉस्कोने तो जन्मात कधी काढला नाही. आणि तो हात थरथरत होता. अंगठा बोटांवर सारखा घासत होता, कुणी चिमटीत तंबाखू मळावी तसा. मग त्याने थरथर थांबवायला लिव्हर घट्ट आवळली, ती पुढे सरकली, आणि इंजिन चढलं.

मी बघत राहिलो. त्याने माझ्याकडे बघितलं.

"गव्हर्नर हाय ना रे?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "हो. गव्हर्नरच."

मी उभ्याने तपासायचो तेव्हा लिव्हरवर कुणाचाच हात नसायचा. एवढी साधी गोष्ट. इंजिनाचा एकही भाग मी सोडला नाही, आणि चालवणाऱ्याकडे एकदाही बघितलं नाही. घरी आलो आणि व्हिक्टोरियाला काही सांगायच्या आत ती म्हणाली, "कळलं वाटतं." तिला जुलैपासून माहीत आहे. क्रिस्टलने सांगितलेलं. डॉक्टर चष्म्याचा नव्हता. मला का सांगितलं नाही, विचारलं, तर म्हणाली, "तुला सांगायचं नाय म्हणून त्याने आम्हाला शपथ घातली. बोलला, सिरिलला कळलं तर तो मला सीटवर बसू देणार नाय."

खरं आहे. नसतंच बसू दिलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवसभर विचार केला आणि एक केलं. बरोबर की चूक ते कळत नाही.

लिव्हरखालचा दांडा सोडवला. हवेची पाकळी माणूस पायी चालेल एवढ्या रेसवर ठेवून क्लॅम्पने पक्की केली. लिव्हर पहिल्यासारखीच हलते, हाताला स्प्रिंगही लागते, पण तिचं इंजिनाशी काही नातं उरलेलं नाही. कितीही थरथर होऊ दे. आणि मी मडगार्डवर बसेन, इंजिन बंद करायची वायर माझ्या हातात. पहिल्या गिअरमध्ये काय व्हायचंय? असं मी स्वतःला दहा वेळा सांगितलं.

बॉस्कोला म्हटलं, "सापडला. पाकळीचा स्प्रिंग होता. रेस मी लावून दिलीय, तू हलवू नकोस, नुसता हात ठेव."

"बापूस ठेवायचा तसा," तो म्हणाला.

४ ऑक्टोबर, शनिवार

करिश्मासमोर चाचणी. ट्रॉलीत वाळूच्या गोणी. क्रुसापासून चर्चच्या अलीकडच्या नाक्यापर्यंत गेलो आणि आलो. इंजिन एका सुरात. करिश्माने टाळ्या वाजवल्या, बाळकुमला फोन करून नको म्हणून सांगितलं. "सिरिल अंकल, मानलं तुम्हाला," म्हणाली.

बॉस्को हसत होता. किती दिवसांनी हसताना बघितला. संध्याकाळी आमच्याकडे आला, रश्श्यात फुगा बुडवून खाल्ला, थोडा सांडला तरी खाल्ला. व्हिक्टोरियाला म्हणाला, "उद्या तू पुढं बस ट्रॉलीत." मी तिच्याकडे बघितलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

आगेरा झाला.

निघालो तेव्हा सगळं चांगलं होतं. ट्रॉलीत लोंब्यांच्या जुड्या, झेंडूच्या माळा, बायका गात होत्या. पुढे बँड. टॉवरच्या गॅलऱ्यांतून लोक शूटिंग करत होते. बॉस्को सफेद टी-शर्ट घालून ताठ बसला होता, हात लिव्हरवर. इंजिन जराही हललं नाही. लोक मला अंगठे दाखवत होते.

चर्चच्या अलीकडे उतार आहे. भरलेली ट्रॉली मागून रेटायला लागली, ब्रेकलाही जुमानेना. काल वाळूच्या गोणींनी आम्ही उताराच्या अलीकडूनच मागे फिरलो होतो, हे मला तेव्हा आठवलं. बँडवाले पुढे थांबून वाजवत होते. बॉस्कोने सवयीने लिव्हर मागे घेतली. इंजिन तसंच. अजून मागे घेतली. तसंच. त्याने लिव्हर या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली आणि इंजिनाचा आवाज बदलला नाही. बँडवाल्याची पाठ अगदी जवळ आली होती. मी वायर ओढली. इंजिन मेलं, ट्रॅक्टर हिसका देऊन थांबला. बायका किंचाळल्या, मग हसल्या. कुणाला काही झालं नाही.

बॉस्कोने वाकून लिव्हरखाली बघितलं. सुटा दांडा दिसला त्याला. क्लॅम्प दिसला.

बँड वाजत होता, म्हणून कुणाला ऐकू गेलं नाही. तो मला म्हणाला, "काल इंजिन गप चाललं ना. मना वाटलं, हात बरा झाला."

मी म्हटलं, "बॉस्को..." त्याला आगेऱ्याचा एक दिवस द्यायचा म्हणून मी हे केलं होतं, आणि दिलं काय तर एक रात्र खोटी आशा. मला इतकं वाईट कधीच वाटलं नाही, बापूस गेला तेव्हाही नाही.

करिश्मा धावत आली, "काय झालं?" बॉस्कोच म्हणाला, "काय नाय. उतारावर जरा बघतोय." मग मला म्हणाला, "जोड तो दांडा." मी खाली उतरून क्लॅम्प काढला, दांडा जोडला. वर आलो तर तो सीट सोडून मडगार्डवर सरकला होता, मी बसलो होतो तिथे.

"बस," म्हणाला.

"मी ट्रॉलीसकट कधी चालवला नाय रे."

"मी हाय ना. बस."

बसलो. इंजिन सुरू केलं. हात लिव्हरवर ठेवला. त्याने तोंड माझ्या कानाशी आणलं. "कमी कर. अजून. बास. आता धर." मी धरली. "ट्रॉली रेटंल, घाबरू नको. इंजिनाला धरू दे. आता सोड जरा. जरा म्हटलं!" असं सगळा उतार. त्याचा एक हात खिशात होता, दुसरा माझ्या खांद्यावर, आणि तो खांद्यावरचा हात अगदी स्थिर होता. चर्चच्या गेटातून वळण घेताना त्याने मला श्वाससुद्धा घेऊ दिला नाही. पायरीपाशी आलो तेव्हा म्हणाला, "बंद कर." मी बंद केलं.

फादरने लोंब्यांवर पाणी शिंपडलं. नंतर बरेच जण येऊन मला म्हणाले, गव्हर्नर झकास केलास. बॉस्कोही त्यांच्यात उभा होता. तोही म्हणाला, "झकास केलाय."

९ ऑक्टोबर, गुरुवार

क्रिस्टल गाडी घेऊन आली होती. बॉस्को डोंबिवलीला गेला, तिथे तिच्या फ्लॅटवर राहणार. औषधाच्या वेळा, डॉक्टर, सगळं तिला तिथून सोपं पडतं. त्याने वाद घातला नाही. गाडीत बसल्यावर काच खाली करून मला म्हणाला, "ट्रॅक्टर उघडा ठेवू नको, पावसाचं पाणी जाईल." मी हो म्हटलं. व्हिक्टोरिया रडली. मी घरात गेलो.

दुपारी ट्रॅक्टर शेडमध्ये लावायला काढला. इंजिन एकदम गुळगुळीत, कुठे दोष नाही. शेडच्या तोंडाशी थोडा चढ आहे. लिव्हरवर हात ठेवला आणि थांबलो. किती रेस द्यायची ते सांगायला कुणी नव्हतं. तसाच बसून राहिलो, इंजिन चालू, बराच वेळ. शेवटी व्हिक्टोरिया आली आणि तिने विचारलं, "काय बिघडलंय?" मी म्हटलं, काही नाही.